क्रिएटिनिन नॉर्मल, तरी लघवीत अल्ब्युमिन: पोटाचा घेर, हृदय आणि किडनी यांचं एकच दुखणं

प्रश्न असा आहे. पुरुष, वय ४६, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८४ किलो, काम बसून. रक्तदाब १३८/८८, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.३, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर ग्रेड १’. क्रिएटिनिन १.१ आलं, म्हणून ‘किडनी उत्तम’ असं सांगितलं गेलं. पण हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये लघवीची एसीआर तपासणी होती, ती ६८ आली. मधुमेह तर अजून लागलेला नाही, मग अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, लघवीतून का जातंय? आणि आधी काय सांभाळायचं: वजन, हृदय की किडनी?

या रिपोर्टमधला सगळ्यात महत्त्वाचा आकडा ६८ आहे आणि सगळ्यात फसवा १.१.

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंच्या रोजच्या झिजेतून तयार होणारा कचरा. किडनीची गाळण्याची ताकद बरीच घटेपर्यंत तो रक्तात फारसा साचत नाही. शिवाय नुसता आकडा वाचून काही कळत नाही, वय आणि लिंग धरून त्यावरून ईजीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती गाळते याचा अंदाज, काढावा लागतो. २०२१ च्या सूत्राने ४६ वर्षांच्या पुरुषाचं १.१ म्हणजे ईजीएफआर साधारण ८४. हेच १.१ सत्तरीच्या बाईचं असेल तर ईजीएफआर ५४, म्हणजे साठच्या खाली, म्हणजे तीन महिने टिकलं तर किडनीचा जुनाट आजार. दोघांच्याही रिपोर्टवर १.१ समोर ‘नॉर्मल’ छापलेलं असू शकतं. तुमचा ईजीएफआर आज ठीक आहे. पण गाळणी किती गाळते हा एक प्रश्न आणि ती फाटायला लागली आहे का हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर लघवी देते.

एसीआर म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचं तिथल्याच क्रिएटिनिनशी प्रमाण. पाणी भरपूर प्यायलात तर लघवी पातळ होते, कमी प्यायलात तर घट्ट. भागाकार केल्यामुळे हा फरक निघून जातो आणि २४ तास कॅनमध्ये लघवी गोळा करायची कटकट वाचते. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या खाली अल्ब्युमिन चालतं, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू, ३०० च्या वर म्हणजे गळती मोठी. साध्या ‘युरिन रूटीन’ला एवढी लहान गळती दिसत नाही, तिथे ‘प्रोटीन: निल’ लिहिलेलं असताना एसीआर ६८ असू शकतो. त्यामुळे ‘लघवी तपासली, काही नाही’ या वाक्यावर विसंबू नका.

मात्र एका नमुन्यावरून शिक्काही मारू नये. ताप, लघवीचं इन्फेक्शन, आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम, बायकांमध्ये पाळी, यातल्या कशानेही अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं. सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना द्या आणि तीन महिन्यांच्या अंतराने पुन्हा करा. तीनपैकी दोन नमुने तीसच्या वर आले तर खरं धरायचं.

आता पोटाकडे. वजन ८४ आणि उंची १६८ म्हणजे बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २९.८. युरोपीय तक्त्यात हा ‘जास्त वजन’ या खणात बसतो, स्थूलतेत नाही. भारतीयांसाठीची रेषा वेगळी आहे: २३ च्या वर जास्त वजन, २५ च्या वर स्थूलता. यामागचं कारण समजून घ्यायला पुण्याचं एक उदाहरण पुरेसं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपलाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय बरोबर २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. ‘बारीक पण चरबीयुक्त’ भारतीय म्हणतात तो हा. आपल्याकडे स्नायू कमी, चरबी जास्त, आणि तीही पोटात. पुण्याच्या परिसरातल्या गावांमधल्या नवजात बाळांवरच्या अभ्यासात दिसलं की ही ठेवण जन्मापासूनच असते: वजन कमी, पण चरबी त्या मानाने शाबूत. किडनीच्या दृष्टीने याला आणखी एक पदर आहे. किडनीतल्या गाळण्यांची संख्या जन्माच्या वेळीच ठरते, नंतर एकही नवी होत नाही, आणि कमी वजनाच्या बाळाला त्या मुळातच कमी मिळतात. पुढे तेच बाळ चाळिशीत ८४ किलोचं झालं की कमी गाळण्यांवर जास्त शरीराचा भार पडतो.

म्हणून काट्यापेक्षा टेपवर भरवसा ठेवा. आणि इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘माझी कंबर ३६, पँट ३६ चीच लागते’. पँट पोटाच्या खाली घसरलेली असते. पोट वाढलं की नंबर वाढत नाही, पट्टा खाली जातो. टेप लावायची ती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, साध्या श्वासाच्या शेवटी, पोट आत न ओढता, टेप मागेपुढे एका पातळीत. पँट ३६ इंचांची आणि टेप ४१ इंच दाखवते असं सर्रास घडतं. मर्यादा पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८०. मुलाबाळांसकट सगळ्यांना लक्षात राहील अशी खूण म्हणजे घेर उंचीच्या निम्म्याच्या आत हवा. तुमच्यासाठी ८४ सेंटिमीटर.

मग साखर मधुमेहाच्या रेषेखाली असताना गळती कुठून आली? पोटातली चरबी म्हणजे नुसती साठवण नाही, ती रसायनं सोडणारी ग्रंथी आहे. तिच्यामुळे इन्सुलिन निष्प्रभ होतं, म्हणून शरीर ते जास्त बनवतं. जास्तीचं इन्सुलिन किडनीला मीठ धरून ठेवायला लावतं. चरबीतूनच अँजिओटेन्सिन या रक्तवाहिन्या आवळणाऱ्या रसायनाचा कच्चा माल येतो आणि शरीराला सावध ठेवणारे सिम्पथेटिक मज्जातंतू सतत ताणलेले राहतात. वर किडनीभोवतीची चरबी तिला बाहेरून दाबते. सगळ्याचा रोख एकाच दिशेला: मीठ आणि पाणी अंगात, दाब वर.

प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख गाळण्या, आणि दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. गाळणी म्हणजे केशवाहिन्यांचा गुंता. त्यात रक्त आणणारी एक बारीक धमनी, बाहेर नेणारी दुसरी. पुढच्या नळीत किती मीठ पोचलं हे मोजणाऱ्या पेशी गाळणीच्या तोंडाशीच बसलेल्या असतात. स्थूल माणसात नळीचा पहिला भागच मीठ अधाशासारखं शोषून घेतो, त्यामुळे या पहारेकऱ्यांपर्यंत मीठ कमी पोचतं. त्यांना वाटतं, गाळण कमी पडतंय. मग ते आत येणारी धमनी रुंद करतात. दुसरीकडे अँजिओटेन्सिन बाहेर जाणारी धमनी आवळतं. नळ पूर्ण सोडला आणि मोरीचं भोक अर्धं बुजवलं, तसं आत दाब वाढतो. सुरुवातीला गाळण वाढलेलंच दिसतं, म्हणजे ईजीएफआर छान! पण गाळणी फुगते आणि तिला बाहेरून आवळून धरणाऱ्या पेशींना विभागणी होऊन वाढता येत नाही. त्यांच्यात फटी पडतात. तुमच्या ६८ मधलं अल्ब्युमिन त्या फटींतून आलेलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

हृदयाचंही याहून वेगळं नाही. अंगात रक्ताचं आकारमान वाढलं, दाब वाढला, की डावा कप्पा जाड आणि ताठ होतो. आकुंचन उत्तम, पण सैल पडून रक्त भरून घेणं जमत नाही. इकोमध्ये ‘ईएफ ६० टक्के’ (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती रक्त बाहेर जातं तो आकडा) वाचून सगळे निर्धास्त होतात आणि माणूस मात्र दोन जिने चढताना थांबतो. असं हार्ट फेल्युअर स्थूल माणसांत निदानाविना राहतं, कारण दम लागणं वजनाच्या खात्यावर टाकलं जातं. त्यात बीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी स्थूलतेत खोटी कमी येते. हृदयाच्या पिशवीतली चरबी खालच्या स्नायूला आणि धमन्यांना चिकटून दाह करत असते, हा भाग वेगळाच. पुढे हृदय थकलं की शिरांमध्ये रक्त तुंबतं, तो तुंबा किडनीपर्यंत जातो आणि गाळण आणखी घटतं; किडनी घटली की मीठपाणी साठून हृदयावर भार. किडनीचा आजार असलेल्या माणसाला डायलिसिसपर्यंत पोचण्यापेक्षा हृदयविकाराने जाण्याचाच धोका जास्त असतो, हे सहसा सांगितलं जात नाही.

म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ साली या सगळ्याला ‘कार्डिओव्हॅस्क्युलर-किडनी-मेटाबॉलिक सिंड्रोम’ असं एकच नाव दिलं आणि शून्य ते चार अशा पायऱ्या आखल्या. नुसती जास्तीची चरबी किंवा मधुमेहपूर्व साखर ही पहिली. रक्तदाब, ट्रायग्लिसराइड, मधुमेह किंवा किडनीचा आजार आला की दुसरी. तिसरीत लक्षणं नसतात, पण तपासणीत धमन्यांत किंवा हृदयात बदल दिसतो. चौथीत हार्ट अटॅक, लकवा, हार्ट फेल्युअर. तुम्ही दुसऱ्या पायरीवर आहात. ‘आधी काय’ हा प्रश्नच इथे निकालात निघतो.

रक्तदाबापासून सुरुवात करा, पण आधी तो नीट मोजा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की दाब खोटा जास्त येतो. दंडाचा घेर ३२ सेंटिमीटरच्या वर असेल तर मोठा पट्टा मागून घ्या; मशिनसोबत तो बहुधा येत नाही. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर, लघवी करून, न बोलता. सात दिवस सकाळी दोनदा, रात्री दोनदा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. ध्येय १३०/८० च्या आत.

अल्ब्युमिन खरं ठरलं तर औषध ‘सार्टन’ किंवा ‘प्रिल’ गटातलं हवं, म्हणजे टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल वगैरे. कारण ती बाहेर जाणारी आवळलेली धमनी सैल करतात, म्हणजे मोरीचं भोक मोकळं करतात. नुसता दाब उतरवणारं दुसरं औषध ते काम तितकं करत नाही. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायचं. आणि इथे सगळ्यात जास्त घोळ होतो: क्रिएटिनिन १.१ चं १.३ झालं की ‘गोळीने किडनी खराब केली’ म्हणून गोळी बंद. गाळणीतला दाब उतरला म्हणजे गाळण थोडं कमी होणारच, तेच तर हवं होतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ, म्हणजे तुमच्या बाबतीत १.४ पर्यंत, चालते. त्याच्या पुढे गेली किंवा पोटॅशियम ५.५ ओलांडलं तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवा. सार्टन आणि प्रिल दोन्ही एकदम कधीच नाही. गरोदरपणात दोन्ही वर्ज्य.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मुळात मधुमेहाची औषधं. आता मधुमेह नसतानाही किडनी आणि हृदयासाठी दिली जातात. ती नळीच्या पहिल्या भागातलं साखर-मिठाचं शोषण अडवतात, पहारेकऱ्यांपर्यंत मीठ पोचतं आणि ते आत येणारा नळ पुन्हा आवळतात. डापाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ मध्ये संपल्याने दोन्ही आता स्वस्त झाली आहेत. तरी तुम्हाला आज ती हवीतच असं नाही. मधुमेह नसताना किडनीसाठी त्यांचा भक्कम पुरावा एसीआर २०० च्या पुढे किंवा हार्ट फेल्युअर असताना आहे. मधुमेहाची रेषा ओलांडलीत तर चित्र बदलेल. घेणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळायच्या: लघवीच्या जागी बुरशी होते म्हणून स्वच्छता, आणि उलट्या-जुलाब किंवा कडक उपवास असताना, तसंच ऑपरेशनच्या तीन दिवस आधी, डॉक्टरांना विचारून गोळी थांबवणं. नाहीतर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात किटोनचं आम्ल साचू शकतं.

सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल हल्ली लग्नाच्या पंगतीतही चर्चा असते. पुरावा खरा आहे. सेमाग्लुटाइडने टाइप २ मधुमेह आणि किडनीविकार असलेल्यांत किडनीच्या मोठ्या घटना २४ टक्क्यांनी (२०२४), आणि मधुमेह नसलेल्या पण आधीच हृदयविकार असलेल्या वजनदार माणसांत हृदयाच्या घटना २० टक्क्यांनी (२०२३) कमी झाल्या. टिर्झेपॅटाइड भारतात मार्च २०२५ पासून मिळतं. पण चरबीसोबत स्नायूही जातात, थांबवलं की वजन बरंचसं परत येतं, आणि उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं तर किडनीला धक्का बसतो. दुसऱ्या पायरीवरच्या माणसाने सहा महिने घरचे उपाय प्रामाणिकपणे करून मग याचा विचार करावा, असं माझं मत. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनचा निर्णय मात्र लांबवू नका. एलडीएलचा (वाईट कोलेस्टेरॉलचा) आकडा तुम्ही दिलेला नाही, तो घेऊन डॉक्टरांकडे जा.

आता स्वयंपाकघर. मिठाचा हिशेब सोपा आहे. माणशी दिवसाला पाच ग्रॅम, सगळं धरून. चौघांच्या घरात एक किलोची पुडी ५० दिवस पुरली पाहिजे. २५ दिवसांत संपत असेल तर माणशी दहा ग्रॅम जातंय, आणि लोणचं, पापड, फरसाण, खारी, बाहेरची मिसळ यांचं मीठ त्या पुडीत नाहीच. सैंधव खाल्लं म्हणून सूट नाही, तेही सोडियमच. ‘लो सोडियम’ मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं; सार्टन घेणाऱ्याने किंवा ईजीएफआर उतरलेल्याने ते विचारल्याशिवाय वापरू नये. तेलाचा हिशेबही तसाच: चौघांना महिन्याला पाच लिटर म्हणजे माणशी रोज जवळजवळ ३८ ग्रॅम, साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. ते तीन लिटरवर आणलं की पोळी-भाजी न सोडता रोजच्या १४० कॅलरी जातात. दिवसाचे चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, यांच्या आणखी १६०. उपवासाला शेंगदाण्याच्या कुटातली साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचे वेफर्स, म्हणजे एकादशी दुप्पट खाशी. त्यापेक्षा भगर-आमटी, ताक आणि काकडी बरी.

डाळी बंद करू नका. ‘अल्ब्युमिन जातंय म्हणजे प्रोटीन बंद’ हा सल्ला तुमच्या टप्प्यावर चुकीचा आहे. दिवसाला ५५ ते ६५ ग्रॅम प्रथिनं घ्या. उलट जिममध्ये कुणी दोन-तीन स्कूप पावडर आणि क्रिएटिन गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. क्रिएटिनने रक्तातलं क्रिएटिनिन वाढून रिपोर्टचाही गोंधळ होतो. पाच लिटर पाणी पिऊन किडनी ‘धुतली’ जात नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं, आठवड्याला एकूण दीडशे मिनिटं, आणि दोन दिवस उठाबशा किंवा वजनं. सहा महिन्यांत ८४ चे ७८ झाले तरी दाब, ट्रायग्लिसराइड, लिव्हर सगळ्यांत फरक दिसतो. बायको घोरण्यामुळे दुसऱ्या खोलीत झोपत असेल, दुपारी मीटिंगमध्ये डोळा लागत असेल, तर झोपेची तपासणी करा. झोपेत श्वास अडखळत असेल तर रक्तदाब औषधांना सहजी दाद देत नाही.

गुडघे आणि पाठ दुखली की डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक मेडिकलमधून आणून खाणं हे वजनदार माणसाच्या किडनीला सगळ्यात घातक. सार्टन, लघवी वाढवणारी गोळी आणि पेनकिलर, त्यात उन्हाळ्यातले जुलाब, एवढं जुळून आलं की धडधाकट किडनी तीन दिवसांत बसू शकते. दुखण्याला पॅरासिटामॉल चालेल. भस्म, ‘स्टोन साफ’ पुड्या, घटक न लिहिलेल्या वजन उतरवण्याच्या गोळ्या घेऊ नका.

पुढच्या तपासणीला एसीआर, क्रिएटिनिनसोबत ईजीएफआर, पोटॅशियम, एचबीए१सी, लिपिड आणि एक ईसीजी करा. दम लागत असेल तर इकोही. चिठ्ठीवर ‘युरिन एसीआर’ असंच लिहून घ्या. नुसतं ‘युरिन मायक्रोअल्ब्युमिन’ लिहिलं तर काही लॅब क्रिएटिनिनने न भागलेला, लिटरमागचा मिलिग्रॅमचा आकडा देतात, आणि तो ६८ शी ताडून बघता येत नाही.